आत्यांच्या शेजारी, मशेरीशिवाय

परवा सकाळी खराडीतल्या आमच्या घरी मी हरले... हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी उगाच टाळ्या वाजवायला नकोत.

मी मशेरी सोडतेय. तंबाखू तव्यावर करपवून केलेली काळी पूड, बोटाने हिरड्यांना घासतात ना, तीच. हसा, सगळेच हसतात. घरातल्या पुरुषाने दारू सोडली तर पाहुणे भेटायला येतात, बाईने मशेरी सोडली तर म्हणतात, त्यात काय एवढं!

लग्नाआधी लोणी काळभोरला दाढ ठणकत होती म्हणून आईनेच लावली होती. मग लग्न होऊन इकडे आले. शेताच्या जागी कंपन्या उभ्या राहिल्या, दारात गाडी आली, मुलगी लॅपटॉपवर इंग्रजीत मीटिंगा घ्यायला लागली... मशेरी मात्र होती तिथेच राहिली.

आता गालाच्या आत पांढरा चट्टा आलाय. डेंटिस्ट बाईंनी आरशात दाखवला आणि म्हणाल्या, "आजपासून बंद. चट्टा गेला नाही तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल." घरी येताना मी चालत्या रिक्षातून डबी फेकून दिली. फार शूर वाटलं... संध्याकाळपर्यंत.

पुढे जे सुरू झालं त्याची कल्पना कुणी दिली नव्हती. डोकं जड, पोट साफ होईना, पोळ्या लाटताना उगाचच रडू यायचं. मुलगी दही खाताना चमचा वाजवते म्हणून मी तिच्या अंगावर ओरडले. ती ताटावरून उठून गेली, आणि मला तिची समजूत काढायला जावंसंही वाटलं नाही.

मिस्टर म्हणाले, "एवढा त्रास होतोय तर चिमूटभर घे की." झालं. सल्ला देऊन ते पेपर वाचायला मोकळे.

पण खरं दुखणं वेगळंच होतं... आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. आमचं दोघींचं जे काही बोलणं व्हायचं ते सकाळी मागच्या दारी, पायरीवर बसून मशेरी लावताना. कोण आजारी, कुणाची सून माहेरी जाऊन बसली, त्यांचे गुडघे, माझं बीपी. बाकी दिवसभर आम्ही एका घरात दोन भाडेकरूंसारख्या.

मी पायरीवर जायची बंद झाले, तशा त्या माझ्याशी बोलायच्याच बंद झाल्या. एकदा मला ऐकू येईल अशा बेताने शेजारणीला म्हणाल्या, "आता आमच्यात बसायची लाज वाटती तिला." चट्ट्याचं मी सांगितलं होतं त्यांना. "माझा जलम गेला लावण्यात, मला काय झालं?" म्हणाल्या.

परवा झोपेचं खोबरं झालं होतं आणि डोकं फुटायची वेळ आली होती. मी मागच्या दारी गेले, आत्यांच्या शेजारी बसले आणि तळहात पुढे केला. आमच्यात मशेरी तोंडाने मागत नाहीत, हात पुढे करतात. आणि पुढे आलेला हात कुणी रिकामा ठेवत नाही.

आत्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "लई वाळलीस गं," म्हणाल्या, आणि नेहमीपेक्षा जास्तच ओतली. इतक्या दिवसांत माझे हाल घरात फक्त त्यांना दिसले... आणि त्यांच्याकडे द्यायला तेवढंच होतं.

मी लावली. डोकं हलकं झालं, खांदे सैल पडले. आत्या बोलायला लागल्या... गुडघ्याचं, पुतण्याच्या लग्नाचं, थांबेचनात. मला इतकं बरं वाटलं की त्याचीच आता भीती वाटते.

मग चट्ट्यावर आग झाली. मोरीत जाऊन मी थुंकत राहिले, चुळा भरत राहिले. मुलीने "आई, जमतंय ना?" असं विचारलं, तेव्हा "हो, मस्त" म्हणाले.

आज सकाळी परत गेले. दोन्ही हात मांडीखाली दाबून आत्यांच्या शेजारी बसले. वास नाकात जात होता, तोंडाला पाणी सुटलं होतं. त्यांनी डबी उघडून माझ्यापुढे धरली. मी मान हलवली.

"घेत न्हाईस, मग बसलीस कशाला?"

"तुमच्यापाशी बसायला."

त्यांनी डबी मागे घेतली. तोंड दुसरीकडे करून आपली मशेरी लावत राहिल्या. त्यांचं होईपर्यंत मी तशीच बसले, मग आत आले आणि बाथरूमचं दार लावून रडले.

चट्टा जाईल की नाही, माहीत नाही. उद्या माझा हात पुढे होणार नाही, असंही छातीठोक सांगता येत नाही... पण आत्यांनी मला ऊठ म्हटलं नाही. आजच्या दिवसात आभार मानण्यासारखं एवढंच घडलं, आणि त्यासाठी मी त्यांचे मनापासून आभार मानते.