साडूचं बेट

उभ्या मराठवाड्यात नॉर्वेवरून भांडणारा एकच माणूस आहे आणि माझ्या दुर्दैवाने तो माझा साडू आहे. अहमदपूरपासून आत, पाऊणशे उंबऱ्यांच्या एका वाडीत तो राहतो. समुद्र त्याने आयुष्यात पाहिलेला नाही. पण नॉर्वेच्या पश्चिमेला भर समुद्रात उत्सिरा नावाचं एक चिमुकलं बेट आहे, त्याच्याबद्दल कुणी वावगा शब्द काढला की याचे कान लाल होतात. मी नांदेडात फोन उचलतो, तर 'शरणार्थ' म्हणून नमस्कार घालायच्या आधी हा सांगतो, "साडूभाऊ, आज जहाज गेलंच न्हाई बेटावर. लई वारा हाय." जणू याचं सोयाबीनच त्या जहाजात अडकून पडलंय!

याचं मूळ ग्रामपंचायतीत आहे. वाडी शेजारच्या मोठ्या गावाला जोडलेली. पाणी, दिवे, रस्ता, सगळं आधी मोठ्या गावाला आणि उरलं तर वाडीला. उरत कधीच नसे. वाडीला स्वतंत्र ग्रामपंचायत मागायला साडू तालुक्याला गेला, तेव्हा एक साहेब हसून म्हणाले, "एवढ्याशा वस्तीला जगात कुठं वेगळा कारभार असतो का हो?" साहेब बोलून विसरले. साडू तणतणत घरी आला, मोबाइल घेऊन बसला आणि त्याने जग धुंडाळलं. सापडलं हे बेट! माणसं दोनशेच्या आसपास, तरी स्वतःची पालिका, स्वतःचा अध्यक्ष. तेही पूर्वी दुसऱ्या मोठ्या पालिकेत कोंबलेलं होतं, शंभरेक वर्षांमागे वेगळं झालं. "त्यांना पालिका, आन आमी काय पाप केलं?" हा प्रश्न त्याने मला इतक्यांदा विचारलाय, की ते पाप मीच केलं असावं असं मला वाटू लागलंय.

भोकरला एका लग्नाच्या पंगतीत त्याने पत्रावळीवर भाताचं बेट रचलं. उत्तरेला एक बंदर, दक्षिणेला एक, मधून दरी. वारा एकीकडून सुटला की जहाज दुसरीकडे लावायचं. हे समजावताना वरणाचा समुद्र शेजारच्या व्याह्यांच्या धोतरावर गेला. व्याही बिचारे सज्जन. धोतर झटकत म्हणाले, "स्वीडनातलंच ना हे?" झालं! साडू भरल्या पानावरून उठला. "लातूरला कुणी बीदर म्हणलं तर चालंल का तुमाला?" मलाही उपाशी उठावं लागलं, कारण गाडी त्याची होती.

लोक त्याच्यामागे हसायचे. त्या हसणाऱ्यांचा मला संताप येतो, स्पष्टच सांगतो. हीच मंडळी अमेरिकेच्या निवडणुकीवर चहाच्या टपरीवर तासन्‌तास बोलतात, तेव्हा ती शहाणी. हा आपल्या वाडीच्या पाण्यासाठी एक बेट शोधतो, तर हा वेडा! त्या वेड्याने इतके अर्ज केले, इतक्या चकरा मारल्या, की शेवटी वाडीला ग्रामपंचायत मिळाली.

मिळाली, आणि सरपंचपद निघालं महिलेसाठी राखीव. साडूने बायकोला, म्हणजे माझ्या मेहुणीला, उभं केलं. ती बिनविरोध आली. पहिल्या बैठकीला मी मुद्दाम गेलो. समाजमंदिराच्या खोलीत टेबल मांडलेलं. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे साडू सरळ सरपंचाच्या खुर्चीत जाऊन बसला आणि मेहुणीसाठी त्याने बाजूला स्टूल ओढलं.

मेहुणी दारातच उभी राहिली. "त्या बेटावर पालिका येगळी झाली, आन लगेच एक बाई अध्यक्ष झाली. आख्ख्या नॉर्वेत पयली. तुमीच सांगता ना?"

"हाव."

"मंग तिचा नवरा कुटं बसायचा?"

साडू भडकला. "हे काय इचारणं झालं? लढलो मी! चपला झिजवल्या मी!"

मेहुणी जागची हलली नाही. साडूने तरातरा मोबाइल काढला आणि बराच वेळ शोधत राहिला. "तिच्या नवऱ्याचं कायबी सापडंना," असं पुटपुटत तो उठला.

बाहेर येऊन ओट्यावर माझ्याशेजारी बसला. मेहुणीचं चुकलं नव्हतं, तरी मला भरून आलं. ज्याने वाडीला हे दार मिळवून दिलं, तोच दाराबाहेर बसला होता. आतून मेहुणीचा आवाज येत होता. पाण्याच्या टाकीचं चाललं होतं. दारावर नवी पाटी होती, रंग अजून ओला. साडूने वाडीचं नाव मोठ्याने वाचलं. खालच्या ओळीशी तो अडला. त्याच्या पिढीत बायकोचं नाव तोंडाने घेत नाहीत. इतक्या वर्षांत मी त्याच्याकडून 'आगं' आणि 'आमच्या घरचं माणूस' एवढंच ऐकलेलं.

"सरपंच," तो म्हणाला. मग घसा खाकरला. "महानंदा."

आत टाकीचा हिशेब सांगताना मेहुणी अडखळली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.