जास्वंदीच्या पानाखाली

जास्वंदीच्या कळ्या उमलण्याआधीच गळायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, "देवाला फूल मिळत नाही, तर झाड कशाला? उद्या तोडून टाकू." मला पटकन बोलता येत नाही.

दुपारी सहज एक पान उलटं केलं. खाली कापूस चिकटवल्यासारखा पांढरा पिठ्या ढेकूण बसला होता आणि देठावरून मुंग्यांची ये-जा चालली होती. वरून पान हिरवंगार. रोज पाणी घालूनही मला हे दिसलं नव्हतं. माणसांचंही असंच होतं. समोरचा "बरं आहे" म्हणतो आणि आपण पुढे जातो.

साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून मी एकेक पान पुसायला लागले.

"झाडाला न्हाऊ घालतेस होय गं?" सासूबाई हसल्या. मी पान उलटून दाखवलं. त्यांनी चष्मा सारखा केला. "अगोबाई! हा मेला रस पितोय होय त्याचा!" मग गुडघा धरत पाटावर बसल्या आणि मी पुसलेलंच पान पुन्हा पुसत म्हणाल्या, "शिरेपाशी राहिलंय तुझं. हे एका दिवसात जायचं नाही, आठवडाभर रोज पुसावं लागेल."

म्हणजे झाड राहणार होतं. मी दुसरी फांदी त्यांच्याकडे वाकवली.