पलीकडचा नाला

पोस्ट नऊ हजार फुटांवर होती. सेक्शन दहा जणांचं, सेक्शन कमांडर मी, हवालदार. स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर उभं राहणं, 0530. चहा 0615. 0700 ला दोन जवान टेलिफोनची लाइन तपासायला निघत. कोण जाणार ते रोस्टरवर असायचं आणि रोस्टर मी लिहायचो.

एका दुपारी मेजर साहेब आले. लाइन कुठल्या नाल्यातून जाते, त्यांनी विचारलं. नकाशावर मी एका नाल्यावर बोट ठेवलं. नाईक बबन शिर्के सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, हा नाही. पलीकडचा." त्याचं बरोबर होतं. जवान हसले आणि मला ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लाइनवर जायची पाळी माझी होती. त्याच संध्याकाळी मी माझं नाव पुसून शिर्केचं लिहिलं.

सकाळी 0718 ला वायरलेस सेट वाजला. शिर्के होता.

"साहेब, धुकं दाट आहे. पाच मिनिटं थांबू? ओव्हर."

"नाही. पुढे जा. आऊट."

0726 ला स्फोट झाला. धुक्यात पायवाट सुटली आणि पाय सुरुंगावर पडला. मागचा जवान वाचला, शिर्के गेला. कोर्ट ऑफ इन्क्वायरीने लिहिलं, कोणाचाही दोष नाही. मी सही केली.

आता मी शारजात, अल मजाजच्या एका टॉवरचा सिक्युरिटी सुपरवायझर आहे. शिर्केचा धाकटा भाऊ सुनील दुबईत देराच्या धक्क्यावर हमाली करतो. दर रविवारी बांगडे घेऊन आमच्याकडे जेवायला येतो. दादाचे साहेब म्हणून मला देव मानतो आणि मी मानू देतो, हे जास्त वाईट.

गेल्या गुरुवारी माझी मुलगी मृणाल हॉलमध्ये कॉलेजच्या प्रेझेंटेशनची तयारी करत होती. विषय बाराशे वर्षांपूर्वीचे युरोपातले फ्रँक लोक. राजघराण्यातले सख्खे भाऊ राज्यासाठी लढले, रक्त आपलंच सांडलं. मग जिंकलेल्यांच्या छावणीत बिशप बसले. त्यांनी सांगितलं, निकाल देवाचा, हुकूम देणारा आणि पाळणारा दोघंही निर्दोष. मात्र जो रागाने किंवा बडेजावापायी वागला असेल, त्याने ते खाजगीत कबूल करावं. शिवाय मेलेल्यांसाठी तीन दिवस उपास.

"बट दे वन द वॉर, पापा. देन व्हाय फील गिल्टी? वियर्ड ना?"

मी म्हणालो, वियर्ड नाही.

शुक्रवारपासून मी जेवलो नाही. बायकोला ॲसिडिटी सांगितली. रविवारी सुनील आला. बायको ताटं घेत होती. मी त्याला हातातल्या पिशवीसकटच बाल्कनीत नेलं, दार ओढून घेतलं आणि सगळं सांगितलं: नकाशा, रोस्टर, धुकं, रागाच्या भरात दिलेला हुकूम. लपवलं काही नाही. लाज वाटत होती, पण आवाज स्थिर ठेवला.

त्याने खाली लगूनच्या पाण्याकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, "आदल्या संध्याकाळी दादाचा फोन आलेला. म्हणाला, हवालदार साहेबांना सगळ्यांसमोर बोललो, चुकलंच माझं. उद्या लाइनवरून आलो की माफी मागतो."

मी रेलिंग धरलं. आतून बायको जेवायला हाक मारत होती. सुनील जेवायला थांबला नाही. माशांची पिशवी बाहेरच्या दाराशी ठेवून लिफ्टकडे चालू लागला. पुढच्या रविवारी येईल की नाही, मी विचारलं नाही.

नाईक बबन शिर्के. वय सत्तावीस. हसताना मान खाली घालायचा. त्याचं काहीही चुकलं नव्हतं. नाला पलीकडचाच होता.