मावशींची राहिलेली ओळख

मिरजेच्या मावशी कुठल्याही दारातून आमच्या आधी आत शिरत. जर्मनीत डार्मश्टाटला शिकणाऱ्या आम्हा मराठी पोरांपैकी कुणाचं आउसलेंडरबेहोर्डेमध्ये, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, काम अडलं की हॉस्पिटलची ड्यूटी संपवून त्या थेट तिथं येत. ठेंगणी बांधणी, पायांत नर्सचे पांढरे बूट, काखेत पर्स. "मी पुढं होते. तू मागनं ये, आणि तोंड पाडून येऊ नकोस." आत गेल्या की कुणी सांगायच्या आधीच खुर्ची ओढून बसत. मी एकदा बाहेर आल्यावर म्हणालो, "मावशी, त्यांनी बसा म्हटलं नव्हतं." "म्हणून तर बसले. उभ्या माणसाला हाकलायला सोपं जातं."

मिरजेत नर्सिंग शिकून, नवऱ्यानं सोडल्यावर त्या जर्मनीत आल्या होत्या. त्या गोष्टीला त्यांनी एकच वाक्य ठेवलं होतं: "त्याला मी नको होते, इथल्या पेशंटांना हवी होते."

आमची मराठी उपासना त्यांच्या दोन खोल्यांत सुरू झाली. मी नगरकडच्या पाळकाचा, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूचा, मुलगा, म्हणून प्रवचन माझ्या वाट्याला आलं. ते संपलं की मावशी चिडवत, "काय पाळकसाहेब, झालं ना आमेन? आता कांदे चिरा." गाण्यांचा आवाज खालच्या मजल्यावर जाई. पहिल्याच आठवड्यात मावशी केक घेऊन खाली गेल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, "रविवारी आम्ही देवाचं नाव घेतो. ओरडायचं झालं तर माझ्यावर ओरडा, पोरांवर नको." ती बाई पुढं बरीच वर्षं ओरडली, आणि मावशींवरच ओरडली.

परदेशी विद्यार्थ्याला खोली देताना घरमालक जामीन मागत. मावशी सही करत आणि पेनाचं टोपण लावता लावता बजावत, "पळालास तर तुझ्या आईकडं जाऊन बसेन. उठायची नाही." कुणी पळालं नाही. माझ्याही खोलीच्या करारावर त्यांचीच सही होती.

माणसं वाढली, घर पुरेना. तेव्हा जवळच्या जर्मन मंडळीनं, म्हणजे तिथल्या चर्चनं, आपला हॉल आम्हाला दिला. तोही मावशींनीच विचारून विचारून मिळवला होता. पहिल्या रविवारी तिथल्या पाळकबाईंनी आमच्यासाठी प्रवचन केलं आणि मी ते वाक्यावाक्यानं मराठीत सांगत गेलो. विषय होता, पौलानं बायबलमधल्या एका पत्राच्या शेवटी ओळख करून दिलेली फिबी नावाची बाई. तिच्यासाठी त्यानं 'प्रोस्टाटिस' हा ग्रीक शब्द वापरला आहे. पाळकबाई म्हणाल्या, "भाषांतरांत तिला बहुतेक वेळा मदतनीस करून टाकतात. पण हा शब्द त्याहून मोठा आहे. दुसऱ्यांसाठी पुढं उभी राहणारी, आपलं घर, आपलं नाव, आपली पत त्यांच्या पाठीशी लावणारी. खुद्द पौलसुद्धा म्हणतो की तिनं मलाही आधार दिला." मग त्यांनी माझ्याकडं वळून सगळ्यांसमोर विचारलं, "आणि तुमची मंडळी? ती कुणाच्या घरात सुरू झाली?"

मावशी स्वयंपाकघराच्या दारात कॉफीची किटली घेऊन उभ्या होत्या.

मी जर्मनमध्ये म्हणालो, "आम्ही विद्यार्थ्यांनी मिळून सुरू केली. या बाई स्वयंपाकात मदत करतात."

तसं बोलायला मला कुणीही सांगितलं नव्हतं. पुढच्या रांगेत जर्मन मंडळीतले वडीलधारे बसले होते. त्यांच्यासमोर ही सुरुवात माझ्यापासून झालेली मला हवी होती, नवऱ्यानं टाकलेल्या बाईपासून नको होती. मावशींचं जर्मन माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. त्यांनी सगळ्यांना कॉफी दिली. माझ्यापुढं कप ठेवून म्हणाल्या, "घ्या. साखर घातलीय."

'घ्या.' त्या दिवसापासून मी त्यांचा 'तू' राहिलो नाही, पाळकसाहेबही राहिलो नाही. त्या दर रविवारी येत, शेवटच्या बाकावर बसत. पोरांची कामं मात्र पहिल्यासारखीच करत.

नोकरी लागून मी दुसऱ्या गावी, नेकारसुल्मला गेलो. त्या आजारी पडल्याचं कळलं तेव्हा भेटायला गेलो. "मावशी, माझं चुकलं."

"काय चुकलं ते बोला."

बोललो. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं. "आल्झो, असं होय. मी काय केलं ते मला ठाऊकच आहे की. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना तुम्ही खोटं सांगितलंत. मग माझ्याकडं कशाला आलात?"

"मी सांगेन सगळ्यांना."

"कधी?"

"येत्या रविवारी."

"बरं. तोवर ही उशी जरा वर करा."

त्या रविवारी हॉलमध्ये पाहुणे होते, मी बोलायला उठलो नाही. पुढच्या रविवारी पाऊस आहे म्हणून नेकारसुल्महून निघालोच नाही. मग मावशी गेल्या. दफनाच्या वेळी पाळकबाईंनी विचारलं, दोन शब्द बोलणार का? मी एक स्तोत्र वाचलं आणि खाली बसलो.

आज त्या मंडळीतली मुलं मराठी समजतात, पण उत्तर जर्मनमध्ये देतात. त्यांना फक्त हॉल माहीत आहे. त्यांच्यासाठी लिहितो: ही मंडळी विद्यार्थ्यांनी सुरू केली नाही, मी तर नाहीच नाही. ती मिरजेच्या मावशींच्या घरात, त्यांच्या सहीवर, त्यांनी खाल्लेल्या बोलण्यांवर उभी राहिली. त्या आमच्या प्रोस्टाटिस होत्या.

हे येत्या रविवारी त्याच हॉलमध्ये मी वाचून दाखवणार आहे. आधी मराठीत, मग जर्मनमध्ये. खोटं मी जर्मनमध्ये बोललो होतो.