मलपृष्ठावरचं माझं नाव

या पुस्तकाच्या मागच्या बाजूला इतकी वर्षं जो अभिप्राय छापला जातो, त्याबद्दलची एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही — आणि आता ती ऐकायला नाही. नव्या आवृत्तीसाठी प्रकाशकांनी चार ओळी मागितल्या, तेव्हा वाटलं, किती दिवस दडवणार?

आधी एक सांगतो. हे पुस्तक चांगलं आहे. फार चांगलं आहे. वडिलांचा कारखाना बंद पडतो, तरी ते घरी न सांगता रोज डबा घेऊन निघतात, आणि हे त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलीला कळतं — एवढीच गोष्ट. कशावरून कळतं? डबा धुतलेला परत येतो, यावरून. कारखान्यात डबा धुवायला वेळ कुठला? मुलांच्या हाती द्या, आणि त्यांचं झालं की स्वतः वाचा. ही शिफारस मी आज मान वर करून करतो. पण पहिल्यांदा केली, तेव्हा — कसं सांगू?

मी शनिवार पेठेतल्या एका शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर बालसाहित्याच्या एका पुरस्कार समितीवर मला घेतलं. दरवर्षी पोतंभर पुस्तकं घरी यायची. प्रत्येकावर अर्धं पान अभिप्राय लिहून द्यायचा. आम्हा परीक्षकांची एक रीत होती, ती कोणी बोलून दाखवत नसे — पहिली दहा पानं, मधली दहा, शेवटची दहा. माझं तर पहिल्या दहातच भागायचं. जन्म शिकवण्यात गेलेल्या माणसाला कळणार नाही, तर कोणाला?

या पुस्तकाची दहा पानं वाचून मी शेरा मारला, 'काही घडत नाही.' आणि ते नापसंतीच्या गठ्ठ्यात टाकलं.

माझी सून वर्षा तेव्हा घरीच होती. यवतमाळकडची मुलगी, संगणकातली इंजिनिअर. मुलगा कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत, आणि हिच्या कंपनीत मंदी — प्रोजेक्ट नाही म्हणून काही महिने घरी बसवलेलं. तिच्या तोंडी 'काहून' आलं की मी कपातून मान वर न करता म्हणायचो, 'आमच्याकडे याला "का" म्हणतात.' ती हसायची. वेळ जावा म्हणून ती त्या गठ्ठ्यातली पुस्तकं वाचायची. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

एका दुपारी ती हे पुस्तक घेऊन समोर बसली. म्हणाली, बाबा, हे तुम्ही पूर्ण वाचलेलं नाही. मग तासभर बोलत राहिली — त्या डब्याबद्दल, त्या मुलीच्या गप्प राहण्याबद्दल. तिच्या वडिलांची सूतगिरणी ती शाळेत असताना बंद पडली होती, हे मला त्या दुपारी कळलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती.

'डबा धुतलेला दिसला, त्या दिवशी ती मोठी झाली,' वर्षा म्हणाली. 'पण ते वडिलांना कळू दिलं नाही, म्हणून चांगली झाली.'

ती चहा टाकायला आत गेली, आणि मी तिचं बोलणं कागदावर उतरवलं. खाली माझी सही केली. पुस्तक — पुस्तक मी तेव्हाही वाचलं नाही.

त्या अभिप्रायामुळे समितीत मतं फिरली. पुस्तकाला पुरस्कार मिळाला. समारंभात तो अभिप्राय वाचून दाखवला गेला. लेखिका व्यासपीठावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, इतकं आतलं तुम्हाला कसं हो कळलं? वर्षा तिसऱ्या रांगेत बसली होती. तिचं नाव घेतलं असतं तर माझं काय जाणार होतं? मी म्हणालो, 'चौतीस वर्षं मी मुलं वाचली आहेत, बाई.' केवढ्या टाळ्या पडल्या त्याला.

परत येताना रिक्षात वर्षा म्हणाली, 'बाबा, छान बोललात.' मी पेठेतला माणूस. यात टोमणा आहे का, ते नीट तपासलं. नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुस्तक पहिल्यांदा पूर्ण वाचलं. तिने सांगितलेलं सगळं त्यात होतं. तरी गप्प राहिलो. पुढे शाळाशाळांतून व्याख्यानांची बोलावणी आली, आणि मी तिच्या वडिलांचं दुःख शाल-नारळ घेऊन सांगत फिरलो. ते गेले, तेव्हा यवतमाळला त्यांच्या घरी तीन दिवस होतो. तिथेही बोललो नाही.

परवा नातीने पुस्तक वाचून संपवलं. म्हणाली, 'आजोबा, मागे तुम्ही किती भारी लिहिलंय.' वर्षा शेजारीच भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

आज हे लिहिताना मला शरमेपेक्षा अभिमानच जास्त वाटतो — या पुस्तकाचा, आणि हे पुस्तक ज्या घरात वाचलं गेलं त्या घरातल्या एका वाचणाऱ्या मुलीचा. तसं वाटायचा हक्क मला आहे का? नसावा.

रविवारी वर्षाला सांगितलं, नव्या आवृत्तीत अभिप्रायाखाली तुझं नाव असेल. तिने पुस्तक उलटं करून, चष्मा लावून, तो मजकूर सावकाश वाचला.

'यातलं "संस्कारक्षम" मी म्हटलं नव्हतं,' ती म्हणाली. 'ते काढा.'

काढलं. तेवढा एकच शब्द माझा होता.