बायका पाणी का पीत नाहीत

चितेगावच्या ज्या कारखान्यात मी पॅकिंग तपासायची, तिथं आम्ही बायका दिवसभर पाणी पीत नव्हतो. कारण सोपं होतं. बायकांच्या संडासाला कुलूप, आणि किल्ली गेटवरच्या वॉचमनमामांकडं. मामा माणूस भला, पण किल्ली देताना ट्रक ड्रायव्हरांच्या घोळक्यासमोर मोठ्यानं विचारायचे, "काय ओ ताई, कुठं निघाल्या?" त्यापेक्षा तहान परवडली. मला दोनदा उन्हाळी लागली, लघवीला नुसती आग. डॉक्टर खेकसले, "पाणी प्या, नाहीतर मुतखडा होईल." मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरडीच.

मग एकदा मशीनजवळ मला घेरी आली. साहेब नुकतेच निर्णय कसा घ्यावा याचं ट्रेनिंग करून आले होते, त्यांना माझी घेरी आयतीच सापडली. मीटिंग बसली. साहेबांनी बोर्डवर पायऱ्या लिहिल्या: समस्या ओळखा, कारणं शोधा, पर्याय मांडा, निवडा, अंमल करा. पहिल्या पायरीपुढं झोकदार अक्षरात 'महिला पाणी कमी पितात'. कारणं तर चहा यायच्या आत सापडली. स्टोअरवाले म्हणाले, "कूलरचं पाणी लई गार असतं." अकाउंटवाले म्हणाले, "कामाच्या नादात त्यांना भानच राहत नाय." आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि आम्हीही टेबलाकडं बघत बसलो. एवढ्या पुरुषांसमोर तो शब्द उच्चारायचा कुणी?

पर्यायांना मात्र ऊत आला. माठ ठेवू, भिंतीवर पाण्याचं महत्त्व लिहू. शेवटी ठरलं, दर तासाला घंटा द्यायची आणि सगळ्या बायकांनी ग्लासभर पाणी प्यायचं. साहेब खूश. हसावं की रडावं, मला कळेना. तासाला ग्लास म्हणजे तासाला गेटवर फेरी!

शेजारी बसलेल्या, माझ्याच पॅकिंगमधल्या उस्मानपुऱ्याच्या आपांनी मला कोपर मारलं. "बोल ना, नहीं तो ये लोगां पानी पिला पिला के मारते अपने कू."

माझं डोकंच फिरलं. उभी राहिले. "साहेब, पाणी प्यायला येतं आम्हाला. संडासची किल्ली वॉचमनकडं मागायची लाज वाटती, म्हणून पीत नाय."

स्टोअरवाल्यांनी मोबाईलमध्ये तोंड खुपसलं. साहेब मार्कर हातात धरून उभे. हे कोणत्या पायरीवर लिहायचं, ते ट्रेनिंगमध्ये शिकवलं नसावं. अखेर त्यांनी सगळा बोर्ड पुसला आणि शिपायाला गेटवर पिटाळलं. किल्ली आली आणि आमच्या पॅकिंगच्या टेबलाशेजारच्या खिळ्याला लागली.

त्या दुपारी जेवताना मी पोटभर पाणी प्यायले. थोड्या वेळानं उठले, किल्ली घेतली आणि कुणाला काही न सांगता गेले. चाळिशी उलटलेली, दोन लेकरांची आई मी, आतून कडी लावली आणि आनंदानं रडले.