तुडतुड्याचं लेबल

‘थांब गो, आधी बघूया. नाव काय पळून नाय जात. किडा पळतो.’

चहात पडलेलं चिलट असो, काचेवर बसलेला पतंग असो, नाहीतर मॅनेजरच्या टायवर उतरलेला एखादा भुंगेरा असो, चाचा हेच म्हणायचे आणि शर्टाच्या खिशातलं घडीचं भिंग काढून डोळ्याला लावायचे. मॅनेजर बिचारा श्वास रोखून उभा. माझा चहा गार. बराच वेळ निरखून झाल्यावर चाचा मान वर करून सांगायचे, ‘नर हाय.’ जणू आम्ही सगळे एवढ्यासाठीच खोळंबलो होतो.

बहारीनमधल्या एका बागबगीचे करणाऱ्या कंपनीत आम्ही दोघं कामाला होतो. मी कागदपत्रं आणि ईमेल बघायला, ते कीडनियंत्रणाचे सुपरवायझर. नर्सरीच्या कडेला एक पोर्टा केबिन होती. तिच्या अर्ध्या भागात माझं टेबल, अर्ध्या भागात त्यांचा मायक्रोस्कोप, आणि दोघांत मिळून एक खडखडणारा एसी. मी चिपळूणची, ते रत्नागिरीच्या खाडीपलीकडचे. परमुलखात एवढं नातं पुष्कळ होतं. पहिल्याच आठवड्यात ते मला ‘बाय’ म्हणायला लागले आणि मी त्यांना चाचा.

गल्फमध्ये येण्याआधी चाचांनी कोकणातल्या एका भातसंशोधन केंद्रावर अठरा वर्षं काढली होती. काम एकच, भाताचा रस शोषणारे तुडतुडे मोजायचे. भाताच्या एका चुडात किती, प्रकाशसापळ्यात किती, नर किती, माद्या किती. मोजून झाले की नमुने टाचणीला लावायचे आणि खाली लेबलं लिहायची. लेबल म्हणजे नखाएवढा कागद. प्रत्येक किड्याखाली दोन. पहिल्यावर तो कुठे सापडला, कशावर, कधी आणि कुणी धरला. दुसऱ्यावर त्याची जात आणि ती कुणी ओळखली. चाचांचं अक्षर मुंगीच्या पायासारखं, त्यामुळे सगळी लेबलं त्यांनीच लिहिली. नावं मात्र दोन्ही कागदांवर साहेबांची. साहेब बदलला की नाव बदलायचं, अक्षर तेच राहायचं.

हे ते कुरकुर न करता सांगायचे. फक्त एकदा, डबा खाताना, मासळीचा काटा बाजूला ठेवत म्हणाले, ‘एकदा आपला पण नाव पायजे होता गो. ओळखणारा म्हणून. एकाच किड्याखाली.’

‘मग लिहा की आता. इथे कोण साहेब बसलाय?’

‘नाय ना. इथला दुबास सगळ्यांनाच ठाऊक. त्यात मी काय ओळखला?’

दुबास म्हणजे खजुराच्या झाडावरचा तुडतुडा. तो रस शोषतो आणि झावळ्या काकवी सांडल्यासारख्या चिकट करून ठेवतो. आमच्या मॅनेजरला हा एकच शब्द येत होता. पानावर काहीही हललं की तो म्हणायचा, ‘दुबास! स्प्रे करो, खलास!’ चाचा शांतपणे भिंग काढायचे.

तर अशा चाचांना तो किडा भेटला झल्लाकला.

तिथल्या समुद्राकाठच्या एका हॉटेलची बाग आमच्याकडे होती. वाटेच्या दोन्ही बाजूंना ऑस्ट्रेलियाहून आणलेलं शोभेचं गवत लावलेलं. मी बिलावर सही घ्यायला गेले होते. बघते तर चाचा त्या गवतात ढोपरांवर बसलेले, तोंडात रबरी नळी. नळीचं दुसरं टोक काचेच्या कुपीत. पानाजवळ कुपीचं तोंड न्यायचं, नळीतून श्वास ओढायचा, की किडा कुपीत. मधे जाळी असते, पोटात जात नाही, पण लांबून बघणाऱ्याला ते काय ठाऊक. पोहायच्या तलावावरची गोरी मंडळी उठून बसली. सिक्युरिटीवाला ‘यल्ला, यल्ला’ करत धावत आला. चाचांनी तोंडातली नळी न काढता त्याला हातानेच थांबवलं. नंतर त्यालाही भिंगातून दाखवलं. तो ‘माशाल्ला’ म्हणून निघून गेला.

केबिनमध्ये आल्यावर मलाही दाखवलं. तिळाएवढा, गवती रंगाचा किडा. ‘मागचा पाय बघ. नडगीच्या खाली एक काटा दिसतो? हलणारा? तो हाय म्हणजे आपल्या भाताच्या तुडतुड्याच्याच घराण्यातला. पण आपल्याकडचा नाय. आणि दुबास तर नायच.’ त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मी भिंगातून डोळा काढून त्यांच्याकडेच बघितलं.

‘पंख अर्धेच आहेत. पिल्लू का?’

‘पुरा वाढलेला हाय. खायला हाय, जागा हाय, मग लांब पंख कशाला? गवत सुकला, गर्दी झाली की पुढच्या पिढीला लांब पंख येतात. मग जातात उडून.’

‘आपल्यासारखे.’

‘आपल्याला व्हिसा लागतो,’ चाचा म्हणाले.

पण त्या दिवशी सापडल्या त्या सगळ्या माद्या. तुडतुड्याची जात ठरते नरावरून. कशी ते सांगताना चाचा माझ्यासमोर लाजून लाल झाले. ‘नराच्या शेपटाकडं... एक चावी असते समज. प्रत्येक जातीची चावी वेगळी. दुसऱ्याच्या कुलपाला लागत नाय.’ नर मिळेपर्यंत ते पाच आठवडे झल्लाकला जात राहिले. दरम्यान ऑस्ट्रेलियातल्या एका बाईंचा लेख आम्ही इंटरनेटवर शोधला. या घराण्यातल्या, एकमेकींसारख्या दिसणाऱ्या चार जाती, आणि चौघींच्या चाव्यांची चित्रं. मी बाईंना ईमेल लिहिली. त्यांचं साधं, प्रेमळ उत्तर आलं. नराच्या टोकाचं डाव्या बाजूने चित्र काढून पाठवा, मग बोलू.

चाचांनी मात्र लेख तोंडपाठ केला होता. किड्याच्या तोंडावरच्या पट्ट्यांवरून त्यांचा अंदाज पक्का होता की ही यादीतली तिसरी. नर मिळाला, चावी जुळली, की ओळखणारा म्हणून लेबलावर त्यांचं स्वतःचं नाव. बाईंना फक्त कळवायचं.

नर मिळाला आणि चाचांचे डोळे गेले.

एका दिवसात नाही. साखर जुनीच होती, ती डोळ्याच्या पडद्यावर उतरली. सलमानियाच्या सरकारी इस्पितळात खेपा सुरू झाल्या, डोळ्यात इंजेक्शनं झाली. ‘कडेकडेनं दिसतं गो,’ ते म्हणाले. ‘मधोमध डाग. आणि किडा नेमका मधेच असतो.’ त्यातच व्हिसा पुढे वाढणार नाही असं कंपनीने कळवलं. सहा आठवडे उरले. केबिनमध्ये ते मायक्रोस्कोपवर डोळा ठेवून बसून राहायचे, डोकं इकडून तिकडे फिरवत. मला बघवेना.

‘मी काढते चित्र,’ मी म्हणाले. शाळेत चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्या होत्या, बी ग्रेड. चाचांनी नुसत्या हाताच्या सवयीने नराचं टोक वेगळं केलं, कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळून पारदर्शक केलं, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवलं. ‘दिसतं तेवढाच काढ. ठाऊक हाय ते नको काढूस.’

मी बघितलं. चावीचा आकडा खाली वळलेला होता आणि त्याला दोन दात होते. लेखातल्या तिसऱ्या चित्रात आकडा वर, दात एक.

‘जुळतो काय गो?’

चाचांनी लेबलाचा कागद आधीच कापून ठेवला होता. या माणसाला मी नाही म्हणायचं? एका किड्याने कुणाचं काय बिघडणार होतं?

‘जुळतो, चाचा. हुबेहूब.’

मी लेखातलं तिसरं चित्र बघून तसंच उतरवून काढलं. दुसऱ्या लेबलावर त्यांच्या सांगण्याप्रमाणे जात लिहिली, आणि पुढे ओळखणारा म्हणून त्यांचं नाव. दुसऱ्या दिवशी चाचांनी अख्ख्या ऑफिसला हलवा वाटला, तो इथला केशरी, लाकडी चमच्याने खायचा. मॅनेजरने विचारलं, कशाबद्दल? चाचा म्हणाले, ‘मेरा किडा पास हो गया.’ मी पण खाल्ला. ईमेल पाठवायची राहिली आहे, आज पाठवते, उद्या पाठवते, असं मी तीन दिवस करत राहिले.

चौथ्या दिवशी सलमानियाला नेताना पार्किंगमध्ये गाडी बंद केली आणि बोलून टाकलं. आकडा खाली आहे. दात दोन आहेत. मी चित्र लेखातून काढलं.

चाचांनी काळा चष्मा घातला होता. चेहऱ्यावरचं काही कळेना.

‘खाली वळलेला?’

‘हो.’

‘दोन दात सारखे, की एक मोठा?’

‘आतला मोठा.’

‘मग दुसरी,’ ते पुटपुटले. ‘यादीतली दुसरी असेल. मी पट्ट्यांवर फसलो.’ क्षणभर ते किड्याबद्दलच विचार करत होते. मग त्यांना माझी आठवण झाली. ‘अठरा वर्षं दुसऱ्यांची नावं लिहिली बाय. पण एक लेबल खोटा नाय लिहिला. आणि तू माझ्या नावावर खोटा किडा लावलास?’

ते माझा हात न धरता, भिंतीला चाचपडत आत गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आठ वर्षांत पहिल्यांदा एसीचा खडखडाट मला ऐकू आला.

तिसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपसमोरची खुर्ची त्यांनी स्वतःच माझ्यासाठी ओढली. मी परत चित्र काढलं, दिसेल तेवढंच. ते शेजारी बसून प्रत्येक रेघ विचारत होते. कुठून सुरू होते, कुठे जाड होते. ते चित्र बाईंना गेलं. जुनं लेबल चाचांनी माझ्याकडून मागून घेतलं आणि फाडून टाकलं.

‘आता ओळखणाऱ्याच्या जागी त्या बाईचा नाव लिही. आणि तुझा. बघितला तू, ठरवणार ती.’

‘आणि तुमचं?’

‘मी कुठं बघितला?’

ते गेले तेव्हा उत्तर आलं नव्हतं. विमानतळावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो थोडा बाजूला पडला आणि मग सरकत जागेवर आला. भिंग त्यांनी बरोबर नेलं. कशाला ते मी विचारलं नाही.

बाईंचं उत्तर पुढच्या आठवड्यात आलं. चित्र स्वच्छ आहे, जात यादीतली दुसरीच. आमच्याकडे रस्त्याकडेच्या गवतावर ती भरपूर असते, त्यात नवं काही नाही, पण तुमच्या भागात ती पोचल्याचं मला ठाऊक नव्हतं. नोंद करायची आहे. तेव्हा नर कुणी धरला ते कळवा. धरणाऱ्याच्या नावाशिवाय माझी नोंद पुरी होत नाही.

मी कपाळावर हात मारला. अठरा वर्षं दोन्ही लेबलांवर साहेबांचंच नाव लिहून चाचांना ओळखणाऱ्याची एकच जागा मोठी वाटत राहिली. धरणाऱ्याचं नाव असतं त्या पहिल्या लेबलाकडे त्यांनी बघितलंच नव्हतं, आणि मीही नाही. कुणाची मेहेरबानी नको, माझा खोटेपणा नको. पाच आठवडे गवतात ढोपरं टेकली होती ती त्यांनीच.

लेबल लिहिलं. माझं अक्षर त्यांच्याइतकं बारीक नाही, तीन कागद फुकट गेले. चौथा टाचणीला लावला आणि शुक्रवारी सकाळी झिंजमधल्या माझ्या घरून त्यांना फोन केला.

‘वाचून दाखवते, ऐका.’

‘तू नको,’ चाचा म्हणाले. आवाजात हसू होतं. ‘तू एकदा माझ्यासाठी खोटा बघितलास. फोटो पाठव. ही वाचेल.’

ही म्हणजे चाची. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. म्हणून मी तोच मजकूर कागदावर मराठीत मोठ्या अक्षरात काढला, लेबलाच्या फोटोबरोबर पाठवला आणि फोन चालूच ठेवला. चाची अक्षर लावत वाचू लागल्या. ‘झल्लाक, बहारीन. ऑस्ट्रेलियाच्या गवतावर. नर एक. धरणारा...’

आणि थांबल्या.

‘काय झाला?’

‘पुढं तुमचा नाव हाय.’

मग चाचा म्हणाले, ‘मग वाच ना.’

‘अल्ला! मी कशी घेव?’

आमच्या भागात त्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. चाचींनी चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना ‘अवो’ म्हटलं होतं, त्यातली निम्म्याहून जास्त फोनवरच. मी म्हणाले, ‘चाची, मी सांगते.’

‘तू गप,’ चाचा म्हणाले. मग अगदी हळू, ‘लेबल अर्धा वाचत नाय गो. पुरा वाच.’

आणि चाचींनी वाचलं. आधी चाचांचं, मग त्यांच्या वडिलांचं, मग आडनाव. परीक्षकासमोर उभ्या राहिलेल्या मुलीसारखं, एकेक अक्षर सोडवत. चाचा रडत होते, आणि इथे मी. त्यांचं नाव मी या लेखात कुठेही घेतलेलं नाही. त्या शुक्रवारनंतर मला ते माझ्या तोंडी नको वाटतं.

‘परत वाच,’ चाचा म्हणाले.

‘एकदा वाचला ना? बस झाला,’ चाची म्हणाल्या. आणि मग त्यांनी ते परत वाचलं.